तिरका उजेड

"अजून आहेतच की गं."

आईच्या डोळ्यावरची पट्टी काढून दोनच दिवस झाले होते. सकाळची आठची वेळ. मिरजेच्या आमच्या घरात पुढच्या खोलीला पूर्वेची खिडकी आहे, तिथून ऊन थेट कॉटवर येतं. आई कॉटवर, मी समोर स्टुलावर, एका हातात ड्रॉपची बाटली, दुसऱ्या हाताने तिच्या डोळ्याखालची कातडी किंचित खाली ओढून धरलेली. काळा गॉगल तिने काढून मांडीवर ठेवलेला. मी म्हटलं वर बघ, तर तिने वर बघितलंच नाही, माझ्याकडे बघत राहिली. एवढ्या जवळून आणि एवढा वेळ ती माझ्याकडे शेवटची कधी बघत बसली होती मला आठवत नाही. नजर आधी डोळ्यांवर, मग डाव्या गालावर, मग गालावरून खाली जबड्यापर्यंत गेली, आणि मग ते वाक्य आलं. मी ड्रॉप सोडला तो डोळ्यात न पडता तिच्या गालावरून ओघळला. पदराने पुसून तिने दुसऱ्यांदा डोळा उघडा धरला, काही बोलली नाही. मीही नाही बोलले. ड्रॉप घातला, वहीत टाइम लिहिला आणि चहा टाकायला आत गेले.

चार शब्द. पण रविवारी कोयनेने पुण्याला परत येताना साताऱ्यापर्यंत ते चार शब्द माझ्या डोक्यातून गेले नाहीत.

कारण तीन वर्षांपूर्वी मी त्या गालांवर लेझर करून घेतलं होतं. चार सिटिंग, एकेका सिटिंगचे सात हजार, वर क्रीम आणि सनस्क्रीनचा खर्च वेगळा, रजा वेगळी. बँकेतल्या बायकांनी फरक आहे म्हणून सांगितलं, नवऱ्याने सांगितलं, डॉक्टरांनी आधीचे आणि नंतरचे फोटो शेजारी शेजारी लावून दाखवले. आई तेव्हा म्हणाली होती, "मला काय बाई कळत नाही, पण तुला बरं वाटतंय ना, झालं तर मग." मी ते तिच्या मोतीबिंदूवर ढकललं होतं, तिला तेव्हापासूनच धूसर दिसायला लागलं होतं, दुधाचं पातेलं उतू गेलेलंही दिसायचं नाही तर माझा गाल काय दिसणार. आणि आता कळतंय की मी नकळत तिचा डोळा साफ व्हायची वाट बघत होते, की एकदा नीट दिसू दे, मग ती म्हणेल, "अगं, भरले की खड्डे." तर तो डोळा साफ झाला आणि त्याने पहिल्याच झटक्यात उरलेलं तेवढं बघितलं.

नववीत असताना सुरुवात झाली. आमच्याकडे त्याला मुरमं म्हणायचे, पुस्तकात तारुण्यपीटिका असा शब्द होता पण तो कुणी तोंडाने उच्चारला नाही. आधी कपाळावर बारीक पुळ्या, मग गालावर लाल गाठी, हात लावला की ठणकणाऱ्या, हनुवटीखाली तर अशा की वरून काही दिसायचं नाही पण आत हरभऱ्याएवढं काहीतरी टणक लागायचं. मुलतानी माती झाली, जायफळ दुधात उगाळून झालं, कडुलिंबाचा पाला वाटून झाला, तळलेलं बंद, शेंगदाणे बंद, आंबे बंद. एका काकूंनी टूथपेस्ट लावायला सांगितली ती पण लावली, रात्रभर आग आग झाली. आणि रविवारी आईची नखं. न्हाऊन झालं की मागच्या पायरीवर ती बसायची, माझं डोकं मांडीवर घ्यायची आणि दोन्ही अंगठ्यांच्या नखांनी एकेक पुळी दाबायची, आतलं बी निघाल्याशिवाय ती बसत नाही असं तिचं ठाम मत. डोळ्यांतून पाणी यायचं. तिच्या हातांना शिकेकाईचा वास असायचा, आणि सगळं झालं की ती बोरोलीन लावायची, फुंकर घालत घालत. मी ओरडायचे, पण दर रविवारी स्वतःहून जाऊन पायरीवर बसायचे. घरात माणसं सात, माझ्याखाली दोन भाऊ, आजी अंथरुणाला खिळलेली, आईचा पूर्ण अर्धा तास फक्त माझा असा आठवड्यात तेवढाच मिळायचा, आणि तो मला हवा होता, हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

बारावीपर्यंत गाल खड्ड्यांनी भरले. बाबांची एक आत्या होती, तिच्या तोंडावर देवीचे वण होते, आमच्या लहानपणी असे चेहरे प्रत्येक गल्लीत एखाददुसरा असायचाच. आम्हाला ते चेहरे वेगळे वाटायचे नाहीत, आत्याआजीचं तोंड तसंच असतं एवढंच. पण कॉलेजात असताना एका हळदीकुंकवाला कुणाच्या तरी सासूबाईंनी माझी हनुवटी धरून विचारलं, "देवी आल्या होत्या का गं तुला?" देशातली देवीची शेवटची केस १९७५ची, माझा जन्म त्याच्या नऊ वर्षांनंतरचा. त्या बाईंच्या विचारण्यात वाईट काही नव्हतं, उलट माया होती, म्हणूनच ते जास्त लागलं. ओटीतला नारळ पिशवीत घालून मी तिथून निघाले ती घरी न जाता कृष्णेच्या घाटावर जाऊन अंधार पडेपर्यंत बसले.

त्या वयात मी एक गोष्ट शिकले, खोलीत शिरल्या शिरल्या खिडकी कुठे आहे ते बघायचं. समोरून उजेड आला तर खड्डे दिसत नाहीत, चेहरा सपाट दिसतो. बाजूने आला की प्रत्येक खड्ड्याच्या एका कडेला सावली पडते आणि सगळा गाल उघडा पडतो. वर्गात, लायब्ररीत, एसटीत, कुठेही मी खिडकीच्या बाजूला बसायचे नाही, बसावंच लागलं तर खिडकीकडे तोंड करून. हॉटेलातला टेबलावर लोंबकळणारा दिवा सगळ्यात वाईट. कांदेपोह्याच्या कार्यक्रमांना तर मी आदल्या दिवशीच खुर्च्या हलवून ठेवायचे, बाबांना वाटायचं पोरगी हौसेने घर आवरतेय. तरी एका स्थळाच्या मावशींनी मला बरोबर दारापाशी बोलावलं, "ये गं, इथं जरा मोकळ्यात बस," आणि दारातून येणाऱ्या संध्याकाळच्या उन्हात माझ्याशी दहा मिनिटं गप्पा मारल्या. नंतर निरोप आला की पत्रिका जुळत नाही.

हा तिरक्या उजेडाचा खेळ मी खरं तर आधीच बघितलेला होता. शाळेत जायचा माझा रस्ता सतारमेकर गल्लीतून जायचा. तिथे तंबोऱ्याचे भोपळे करणारी माणसं दुकानाच्या उंबऱ्यात बसलेली असायची, पॉलिशचा तो गोडसर उग्र वास सगळ्या गल्लीभर. पॉलिशचा हात मारून झाला की भोपळा दोन्ही हातांत धरून ते दाराच्या उजेडात तिरका करायचे आणि हळूहळू फिरवायचे. कुठे खोलगट राहिलंय, कुठे चिरलंय ते तसंच दिसतं, समोरून नाही. मग तिथे अंगठा फिरवायचे. मी कितीदा तिथे उभी राहून बघितलंय, आणि एकदा तर मनात आलं होतं की असं कुणीतरी आपला चेहरा हातात घेऊन फिरवून फिरवून नीट करून द्यावा.

औषधं पुष्कळ झाली मधल्या काळात. सव्विसाव्या वर्षी सांगलीच्या एका स्किनच्या डॉक्टरांनी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या दिल्या, सात महिने घेतल्या, ओठ असे फुटायचे की भाकरी तोडून खाताना रक्त यायचं, अधूनमधून रक्त तपासायला जायचं, गोळ्या चालू असताना दिवस जाता कामा नयेत म्हणून लेखी दिलं होतं. पण मुरमं थांबली. बारा वर्षांनी पहिल्यांदा गालावर काही ठणकत नव्हतं. खड्डे मात्र होते तिथेच, उलट लाली गेल्यावर जास्त स्पष्ट झाले, पूर ओसरल्यावर शेतातले घळ दिसावेत तसे. त्याच्याही आधी पुण्यात एका ठिकाणी निळ्या लाइटचं पॅकेज घेतलं होतं, आठवड्यातून दोनदा, डोळ्यांवर पट्टी आणि तोंडावर निळा उजेड. ते अगदीच खोटं नव्हतं हे आता कळतं. मुरमांतले जिवाणू स्वतःच पॉर्फिरिन नावाचा पदार्थ तयार करतात, ४१५ नॅनोमीटरच्या आसपास तरंगलांबीचा निळा उजेड तो शोषतो आणि त्यातून ऑक्सिजनचं जे जहाल रूप बनतं ते त्या जिवाणूंनाच मारतं. उजेडाने कातडी बरी करायची कल्पनाही जुनी, नील्स फिन्सेन या डॅनिश डॉक्टरला कातडीच्या टीबीवर उजेडाचे उपचार केल्याबद्दल १९०३ सालचं नोबेल मिळालंय. पण निळा उजेड वरवर जातो, जिवाणू परत वाढतात, आणि खड्ड्यांचा तर त्याच्याशी काही संबंधच नाही. मला पॅकेज विकताना ते कुणी बोललं नाही. महिना दोन महिने बरं वाटलं, मग पुन्हा तेच. त्याच ठिकाणी नंतर "लेझर टोनिंग" म्हणून काहीतरी केलं, करणारी मुलगी डॉक्टर नव्हती, तिने माझा रंग बघितला नाही, उन्हात फिरता का विचारलं नाही, आणि दोन्ही गालांवर काळे पट्टे घेऊन मी पाच महिने स्कार्फ बांधून गाडीवर फिरले. पुण्यात सगळ्याच बायका स्कार्फ बांधतात, धूळ आणि ऊन, कुणाला काही कळत नाही. मी ऑफिसच्या पार्किंगमध्येही तो सोडायचे नाही.

त्यामुळे अडतिसाव्या वर्षी पुन्हा लेझरचा विचार केला तेव्हा मनात भीतीच जास्त होती.

त्या डॉक्टर बाई वयाने माझ्यापेक्षा लहान. त्यांनी पहिलं काम काय केलं, तर खोलीतला मोठा दिवा बंद केला आणि एक छोटी बॅटरी माझ्या कानापाशी धरून उजेड गालावर तिरका टाकला. मी आयुष्यभर ज्या उजेडापासून तोंड फिरवत आले तोच. हनुवटीला बोट लावून त्यांनी माझा चेहरा हळूहळू फिरवला आणि बोलत गेल्या, हे आइसपिक, बारीक तोंडाचे, टोच्याने भोक पाडावं तसे खोल, ह्यांच्यावर लेझर फारसा चालत नाही, त्यात काडीच्या टोकाने ॲसिड टाकावं लागेल. हे बॉक्सकार, उभ्या कडांचे, इथे लेझर चांगला. आणि हे रोलिंग, लाटांसारखे, इथे कातडी आतून तंतूंनी खाली ओढून धरलेली आहे, ते तंतू सुईने आतल्या आत तोडावे लागतील, नुसता वरून लेझर मारून उपयोग नाही. कुणीतरी माझ्या गालाकडे असं कामासारखं बघतंय, कीव न करता, याने मला रडायला आलं. त्यांनी टिश्यू दिला आणि थांबल्या. मग म्हणाल्या, "शंभर टक्के विसरा. निम्मे भरले तर मी चांगलं म्हणेन. आणि तुमच्या रंगाला काळं पडायची भीती जास्त, हे आधीच ऐकून ठेवा." फिट्झपॅट्रिक नावाच्या अमेरिकन डॉक्टरने १९७५ साली उन्हात कातडी कशी वागते त्यावरून त्वचेचे प्रकार पाडायला सुरुवात केली, आता ते सहा मानतात, त्यात मी पाचवी. आपल्याकडची बरीच माणसं चौथ्या-पाचव्यातच येतात. जखम झाली की आपली कातडी रंग टाकते, हा तिचा स्वभावच आहे, मग ती जखम पुळीची असो, नखाची असो की लेझरची.

त्या जो लेझर करणार होत्या तो फ्रॅक्शनल, म्हणजे काय हे मी त्यांना तीनदा विचारलं असेल. आधीच्या काळी, म्हणजे नव्वदच्या दशकात, लेझरने चेहऱ्याची वरची कातडी सगळीच्या सगळी उडवायचे, आठवडे आठवडे चेहरा ओला, लालबुंद, कुणाकुणाला पुढे कायमचं पांढरं पडायचं. मग २००४ साली बॉस्टनच्या डीटर मॅनस्टाइन आणि रॉक्स अँडरसन यांनी वेगळं सुचवलं की सगळं जाळायचंच कशाला, केसाएवढी बारीक बारीक छिद्रं जाळायची आणि मधली कातडी तशीच शाबूत ठेवायची. बरी करणारी ती मधली कातडी. तिथल्या चांगल्या पेशी सरकत सरकत येतात, एक-दोन दिवसांत छिद्राचं तोंड बुजवतात, आणि मग आत कित्येक महिने कातडीला आधार देणारं नवं कोलॅजन तयार होत राहतं. मला ते ऐकून एवढं बरं का वाटलं ते तेव्हा कळलं नव्हतं. एका वेळी गालाचा थोडासाच भाग जखमी होणार, बाकीचा शाबूत गाल त्याला सांभाळून घेणार. मी रिक्षात बसून हेच पुन्हा पुन्हा स्वतःला सांगत होते.

आणि माझ्या गालावर जो चालला तो कार्बन डायऑक्साइड लेझर ज्यांनी शोधला ते कुमार पटेल यांचा जन्म बारामतीचा, १९३८चा. पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून १९५८ साली बी.ई. झाले, मग अमेरिकेत गेले आणि १९६४ साली बेल लॅब्जमध्ये हा लेझर केला. मी प्रत्येक सिटिंगला जाताना संचेतीच्या चौकात सिग्नलला थांबायचे तेव्हा समोर ते कॉलेज असायचं. नवऱ्याला फोन करून सांगितलं होतं, अरे बारामतीचे आहेत ते. मला त्याचा फार आधार वाटला, का ते सांगता येणार नाही, आपल्याच भागातल्या कुणीतरी दिलेलं औषध घेतल्यासारखं वाटायचं.

सिटिंगचं सांगते. आधी पाऊण तास सुन्न करायचं क्रीम, जाड, पांढरं, वरून स्वयंपाकघरातला असतो तसा पातळ प्लॅस्टिकचा कागद. हळूहळू गाल आपले राहत नाहीत, ओठाची कड जड होते, बोलायला गेलं की शब्द सांडतात. मग ते पुसून डोळ्यांवर कप ठेवतात आणि पूर्ण अंधार. कार्बन डायऑक्साइडचा लेझर डोळ्याला दिसत नाही, १०,६०० नॅनोमीटर, नुसता जो लाल ठिपका असतो तो नेम धरायला. त्याला लागतं पाणी. कातडीतलं पाणी तो शोषतो आणि ते पाणी क्षणात वाफ होऊन जातं, म्हणून छिद्र पडतं. शेजारी सक्शनच्या नळीचा घर्रर्र आवाज, त्यात बारीक टक, टक, टक, आणि प्रत्येक टकला एक चौकोन भाजून निघतो. गालावर सहन होतं, पण कानाजवळ आणि जबड्याच्या हाडावर आलं की पायाची बोटं आपोआप आवळली जातात. आणि वास. केस जळाल्याचा वास, फोडणीच्या गॅसवर चुकून बट लागली की येतो तसा, फरक एवढाच की तो आपल्याच नाकाखालून येत असतो. वीस मिनिटांत आटपतं. मग थंड हवा, मग व्हॅसलीन. घरी येऊन आरशात बघितलं तर दोन्ही गालांवर चहाच्या गाळणीची जाळी दाबून धरल्यासारखे ठिपकेच ठिपके, ओळीत, आणि चुलीपुढे तासभर बसल्यासारखी धग.

तिसऱ्या दिवशी तपकिरी खपली धरते. हात फिरवला की रवा लागल्यासारखं वाटतं. खाजवायचं नाही, सोलायचं नाही, आपोआप पडू द्यायचं. हे सगळ्यात अवघड होतं मला. बोटं सारखी तिकडे जायची, आणि रात्री पाठीवर झोपून मी दोन्ही हात उशीखाली अडकवून ठेवायचे. पाचव्या-सहाव्या दिवशी आंघोळीच्या पाण्याबरोबर ते सगळं निघून जातं आणि खाली गुलाबी, नवी, लहान मुलासारखी कातडी येते, तिला हात लावायलाही भीती वाटते.

दुसऱ्या सिटिंगनंतर काळं पडलं. मार्चमधलं लग्न होतं भावकीत, सनस्क्रीन लावलं होतं, टोपी घातली होती, तरी मांडवात दुपारभर बसले. दहा दिवसांत दोन्ही गालफडांवर तपकिरी जाळी उमटली, ठिपक्यांच्या ओळींसकट. त्या रात्री मी नवऱ्याला म्हटलं की मी परत तेच केलं, परत पैसे देऊन काळं करून आले. डॉक्टर घाबरल्या नाहीत. क्रीम दिलं, पुढचं सिटिंग उन्हाळा-पावसाळा ओलांडून थेट नोव्हेंबरवर ढकललं, आणि म्हणाल्या, पुढच्या वेळी छिद्रांची दाटी कमी ठेवू, जोर तेवढाच, पण मधली जागा जास्त सोडू. तपकिरी जाळी जायला चार महिने लागले. त्या चार महिन्यांत मी आईला व्हिडिओ कॉल केला नाही. साधा फोन करायचे. ती विचारायची, तोंड का दाखवत नाहीस गं, मी म्हणायचे नेटवर्क नाही.

सगळं संपल्यावर शेवटच्या सिटिंगनंतर सहा महिन्यांनी फोटो काढला. त्याच तिरक्या उजेडात. बॉक्सकारच्या उभ्या कडा उतरत्या झाल्या होत्या, लाटा पुष्कळ सपाट, आइसपिक होते तसेच बरेचसे, थोडे उथळ. निम्म्याच्या आसपास, त्यांनी सांगितलं होतं तेवढंच. मला आनंद झाला, खूप झाला, आणि सोबत एक विचित्र गोष्टही झाली. डाव्या जबड्यापाशी एक मोठा खड्डा होता, विचार करताना माझं बोट वर्षानुवर्षं त्यात जाऊन बसायचं, बँकेत आकडे जुळवताना, फोनवर बोलताना. तो भरला. बोट अजूनही तिथे जातं आणि नुसतं घसरतं. पहिल्यांदा असं झालं तेव्हा मी हातातलं काम सोडून बसून राहिले होते.

तर कोयना साताऱ्याच्या पुढे गेली, घाटातले बोगदे सुरू झाले, आणि मला आईचं नाही, भाचीचं आठवायला लागलं. भावाची मुलगी पंधरा वर्षांची आहे, मिरजेलाच, आणि तिला मुरमं सुरू झालीत, अगदी माझ्यासारखीच, जबड्यावर. वहिनी मागे सहज बोलली होती, "आई तिला तोंडाला हातच लावू देत नाहीत. परवा तिनं एक फोडली तर केवढ्या ओरडल्या. मला म्हणाल्या, आजच्या आज डॉक्टरकडं घेऊन जा, घरात काही करायचं नाही." तेव्हा मी हो हो म्हणून दुसरंच बोलत राहिले होते. हे डॉक्टरकडे लवकर जाणं किती मोठं आहे हे मला माहीत आहे, खड्डा पडल्यावर भरण्यापेक्षा पडू न देणं हजारपट सोपं, आता तर तेलाच्या ग्रंथींवरच नेम धरणारा १७२६ नॅनोमीटरचा लेझरही निघालाय, २०२२ साली अमेरिकेत मुरमांसाठी त्याला परवानगी मिळाली, पण तिला बहुतेक साध्या क्रीमने आणि गोळ्यांनीच भागेल. मला त्या बोगद्यात लागलं ते हे की आई, जिने आयुष्यभर बी काढल्याशिवाय पुळी बसत नाही असं सांगितलं, ती बदलली कधी आणि कशाने. तिने ते कुणाकडून ऐकलं. मी तर तिला कधी सांगितलं नव्हतं.

महिन्याने दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. मी परत रजा टाकून गेले. आई आता सगळ्यांना सांगते, माझंही लेझरनंच केलं, तिच्यासारखंच. डॉक्टरांनी समजावलं होतं की यात लेझर नाही, अल्ट्रासाउंडने भिंग फोडून काढतात, पण आमच्याकडे मोतीबिंदू म्हणजे लेझरच, आणि मलाही तिला दुरुस्त करावंसं वाटलं नाही. तिला सगळं नवं दिसत होतं. जी साडी ती चार वर्षं हिरवी म्हणून नेसत होती ती निळी निघाली. फरशीच्या सांध्यातला मळ, देवघरातल्या समईवरचा डाग, स्वतःच्या हातावरच्या शिरा. हात उलटसुलटे करून बघायची. "किती म्हातारी झाले गं मी," म्हणाली, आणि अंगठ्याचं नख दुसऱ्या अंगठ्याने चोळत बसली.

चौथ्या दिवशी सकाळी तीच खिडकी, तोच स्टूल. मी हात धुऊन आले, बाटली हलवली. तिने गॉगल काढला.

"एक विचारू का?" म्हणाली. "मी दाबायचे म्हणून झाले का गं ते?"

मला सरळ नाही म्हणता आलं असतं. ती बहात्तर वर्षांची आहे. पण तिचे दोन्ही डोळे आता स्वच्छ होते आणि त्या डोळ्यांना खोटं सांगायची मला हिंमत झाली नाही. मी म्हटलं, काही तसेही झालेच असते आई, आत गाठी होत्या त्या मुळातच खोल होत्या, डॉक्टर म्हणाल्या तसल्या गाठी खड्डा सोडूनच जातात. आणि काही दाबल्यामुळे झाले असतील. कुठले कुठले ते आता कुणालाच सांगता येणार नाही. ती ऐकत होती, मान हलवत होती. मी म्हटलं, आणि मला तो रविवार आवडायचा. एवढं बोलल्यावर माझा आवाज गेला.

ती काही म्हणाली नाही. "ड्रॉप घाल आधी," म्हणाली, आणि स्वतःहून वर बघितलं. दोन्ही थेंब नीट पडले. एक मिनिट डोळा मिटून बसायचं असतं, तशी बसली, ओठ हलत होते, मनात आकडे मोजत असावी. मग डोळे उघडून तिने माझी हनुवटी धरली. नखं मुळापासून कापलेली, बोटं गार, शिकेकाईचा वास आता नाही, हँडवॉशचा. माझा चेहरा तिने खिडकीकडे वळवला, उन्हात, तिरका, आणि अंगठा हळूहळू गालावरून खाली नेला. जबड्यापाशी थांबली. "हा भरलाय," म्हणाली. मग वर आली, कानापाशी. "हा आहे अजून." परत खाली. "हा पण भरला." आतून वहिनीने चहासाठी हाक मारली. ऊन डोळ्यांवर येत होतं म्हणून मी ते मिटून घेतले.

"हल नको," आई म्हणाली. "आता इकडं वळ."